तसली म्हणजे कसली?

बसा, बसा. चहा व्हायचाय अजून. बायको आत आलं किसतेय, तेवढ्यात सांगून टाकतो. ती बाहेर आली की हा किस्सा माझा राहत नाही, तिचा होतो. आणि तिच्या तोंडून ऐकलात तर मी आहे त्याहून मोठा गाढव ठरतो. तसा फार फरक पडत नाही म्हणा!

माणसानं फजितीला घाबरू नये, पण वेळेवर एक प्रश्न तरी विचारावा. मी विचारला नाही. "कसली?" एवढाच तीन अक्षरी प्रश्न होता हो! तो गिळला आणि आळीत कायमचं नाव करून बसलो.

गोष्ट पनवेलची, केबल यायच्या आधीची. तळ्याजवळच्या आळीत आमच्या दोन खोल्या होत्या. मधे दार होतं, पण दाराला कडी नव्हती. कडीच्या जागी माझी आई होती. वडील शाळामास्तर, ते नुकतेच गेलेले. मी सरकारी कचेरीत कारकून. आणि नवंकोरं लग्न झालेलं! बायको महाडची, वैजयंती. वैजू.

वैजू हसरी होती. पण ते हसू माझ्या वाट्याला यायचं नाही. नळावर बायकांशी खळखळून हसणार आणि मी दिसलो की पदर सारखा करून भिंतीला टेकणार. आमचं बोलणं चालायचं ते आईमार्फत.

"आई, त्यांना विचारता का, आमटी वाढू?"

अहो, मी समोर! ताट माझ्यापुढे! आणि मीही थोर, "आई, तिला म्हणावं, थोडीच वाढ."

आई वैतागायची. "मी काय टपालखातं आहे का रे?"

मला ती आवडायची. फार आवडायची. पण आवडते हे बायकोला सांगायचं कसं, ते कुणी शिकवलंच नव्हतं. लग्नाच्या आदल्या दिवशी काकांनी मला बाजूला घेतलं. मला वाटलं, आता काहीतरी मोलाचं कानावर पडणार. काका खाकरले. इकडेतिकडे बघितलं. आणि म्हणाले, "सांभाळून हं!"

झालं! संपलं शिक्षण!

अशात एका संध्याकाळी, मे महिना होता, आई भाजीला गेलेली. मी माठातलं पाणी पीत होतो आणि वैजू दोरीवरचे कपडे काढत होती. तिला गेले काही दिवस मळमळत होतं, जेवण जात नव्हतं. पण मे महिन्यात पनवेलमध्ये कोणाला जेवण जातं? मी उन्हाळ्यावर ढकललं.

"अहो," ती कपड्यांशी बोलली.

मी मागे वळून बघितलं. आई नव्हती. म्हणजे हे "अहो" थेट मला होतं!

"माझी मैत्रीण आहे ना, शैला, पलीकडच्या आळीतली? तिच्या मिस्टरांनी कॅसेट आणलीय."

"हं."

"तसली."

पाणी नाकात गेलं.

"दोघंच असतात," ती टॉवेलाची घडी घालत म्हणाली. घालून झालेली घडी मोडून पुन्हा घातली. "दुपारी दार ओढून घेतात आणि लावतात. शैला म्हणते, मन कसं प्रसन्न होतं. तिच्या डॉक्टरीणबाईंनीच सांगितलं, दोघांनी एकत्र बसावं म्हणून."

"डॉ... डॉक्टरीणबाईंनी?"

"हो. जितक्या लवकर सुरू करावं तितकं चांगलं म्हणे. आपणपण आणू या का?" आणि मग अगदी हळू, टॉवेलात तोंड घालून, "आईंना मात्र इतक्यात कळायला नको."

असं म्हणून ती लालेलाल झाली आणि आत पळाली. मी माठाजवळ पेला हातात धरून उभा. पेला उलटा होता, पाणी पायावर, आणि मला पत्ता नाही!

आता तुम्ही म्हणाल, लेले, नीट विचारायचं होतंत. अहो, पण आपल्या मराठीत "तसली"चा दुसरा अर्थ असतो का? तसली पुस्तकं, तसले पिक्चर, तसल्या ठिकाणी जाणारी माणसं. ज्याचं नाव घरात घ्यायचं नाही ते सगळं आपण या एका शब्दाच्या पोतडीत कोंबतो आणि वरून गाठ मारतो. भल्याभल्यांना ही पोतडी ठाऊक, आणि आत काय आहे तेही ठाऊक. फक्त गाठ कुणी सोडायची नाही.

मला राग आला नाही. खोटं कशाला बोलू, आधी भीती वाटली. म्हणजे आपण कुठे कमी पडतोय की काय? तिला महाडहून इथे आणली, दोन खोल्यांत कोंडली, धड दोन शब्द बोललो नाही, आणि शेवटी त्या पोरीला तोंडानं कॅसेट मागायची पाळी आली! दुसऱ्या दिवशी कचेरीत एका शेतकऱ्याच्या अर्जावर मी "मंजूर"च्या जागी "मजबूर" लिहिलं. साहेब म्हणाले, लेले, तब्येत बरी आहे ना?

मग ठरवलं. तिनं आयुष्यात पहिल्यांदा काही मागितलंय. आणून द्यायचं. मग लाज गेली खड्ड्यात!

आमच्या भागात व्हिडिओ लायब्ररी होती घरतशेठची. शेठ मूळचे करंजाड्याकडचे. भाताची जमीन नव्या शहरासाठी गेली, त्याच्या पैशांतून त्यांनी दोन व्हीसीआर घेतले आणि दुकान थाटलं. पुढच्या फळीवर देवादिकांचे पिक्चर, खाली मारामारीचे, आणि मागे फुलाफुलांचा पडदा. दुकानाला अगरबत्ती पुढच्या फळीची आणि बरकत पडद्यामागची, हे सगळ्यांना माहीत होतं. कॅसेट वर्तमानपत्रात गुंडाळून मिळायची. गंमत म्हणजे बाकीच्या कॅसेटी नुसत्याच हातात द्यायचे. त्यामुळे वर्तमानपत्र घेऊन निघालेला माणूस कोपऱ्यावरून ओळखू यायचा! आमच्या कचेरीतली निम्मी माणसं ताजं वर्तमानपत्र न उघडता घरी न्यायची.

मी गर्दी ओसरेपर्यंत दुकानासमोर उभा राहिलो. देवांच्या पिक्चरांची सगळी नावं पाठ झाली, तेव्हा पुढे सरकलो.

"शेठ, एक कॅसेट हवी होती."

"या, या, छोटे मास्तर!" शेठ वडिलांचे विद्यार्थी. म्हणून मी कारकून असलो तरी त्यांच्या लेखी छोटे मास्तर. "कंची देऊ? मारामारीची?"

"नाही. तसली."

"तसली म्हंजे कसली?"

बघा! जो प्रश्न मी बायकोला विचारायला हवा होता, तो या माणसानं मला विचारला. तेवढ्यावरून तरी डोकं चालायला हवं होतं. पण नाही.

"तसली म्हणजे... दोघांनी बघायची."

"दोगांनी कनाला? धा जनांनी बघा की! टीवी काय झिजत नाय."

"तसं नाही हो. दार लावून."

शेठनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, परत लावला आणि माझ्याकडे नीट बघितलं.

"छोटे मास्तर," ते खालच्या आवाजात म्हणाले, "तुमी?"

मला काय सुचावं? "डॉक्टरांनी सांगितलंय!"

"डाक्टरनी?" शेठ उडालेच. "कंचा हो ह्यो डाक्टर? मना बी नाव सांगा त्याचं!"

मी घामाघूम. शेठनी मागे वळून पडद्याकडे बघितलं, वर लावलेल्या देवांच्या तसबिरींकडे बघितलं.

"बरं," शेवटी म्हणाले. "रईवारी दुपारी येतो. मशीन घेऊन मीच येतो, जोडनी तुमाला जमायची नाय. कॅसेट बी मीच आनतो. तुमी निर्धास्त जावा."

रविवारी दुपारी आई कीर्तनाला जायची. ती गेल्या गेल्या मी कामाला लागलो. खिडक्या लावल्या. मे महिन्यात, भर दुपारी! टीव्हीच्या बरोबर वर वडिलांचा फोटो होता, हार घातलेला. त्यांची ती नजर तुम्हाला माहीत नाही. वर्गात टाचणी पडली तर टाचणीच माफी मागेल, अशी नजर. मी खुर्चीवर चढलो, "क्षमा करा दादा" म्हटलं आणि फोटो काढून पलंगाखाली ठेवला.

घरतशेठ आले. व्हीसीआर चादरीत गुंडाळून स्कूटरवर पुढ्यात ठेवलेला. चादर कशाला, तर कुणाला कळू नये! आणि चादर दिसली की अख्ख्या आळीला कळायचं की व्हीसीआर आला.

वैजू स्वयंपाकघराच्या दारात आली, ते खोकं बघून चक्रावली. माझ्याजवळ येऊन कुजबुजली, "अहो, एवढं मोठं कशाला आणलंत?"

"मग लावणार कशावर?"

ती काहीतरी बोलणार होती. तिनं तोंड उघडलंही होतं. आणि तेवढ्यात दारातून आवाज आला.

"अय्या! व्हीसीआर!"

सावंतकाकू! आमच्या शेजारी. आळीतल्या घटना घडायच्या आधी त्यांना कळायच्या. "कुठला पिक्चर हो, लेले?"

"पिक्चर नाही, काकू. कचेरीचं आहे. ट्रेनिंग. पाणीपट्टीची वसुली कशी करावी, त्याचं."

"चालेल की!" काकू म्हणाल्या. "रविवार दुपारी दुसरं आहे काय?"

आता याला काय म्हणणार? मी पाणीपट्टी म्हटलं होतं हो, पाणीपट्टी! पण त्या काळात व्हीसीआरवर काहीही लागलं असतं तरी लोक चटई घेऊन आले असते. आणि आले! सावंतकाका आले, त्यांच्या दोन सुना आल्या, समोरच्या घरातले आजोबा त्यांची आरामखुर्ची उचलवून घेऊन आले. आमच्या खोलीत बाप्ये पलंगावर, बायका जमिनीवर, आणि मी मधे उभा, मनातल्या मनात अथर्वशीर्ष म्हणत.

तेवढ्यात कीर्तनाला गेलेली आई दारात!

"अगं बाई," ती चपला काढत म्हणाली, "कोपऱ्यावर कळलं, आपल्याकडे व्हीसीआर आलाय. म्हटलं, कीर्तन काय पुढच्या रविवारीही आहे!"

संपलं. मी वैजूकडे बघितलं. ती चुलीपाशी चहाचं आधण मोठं करत होती. इतक्या माणसांना चहा लागणार ना!

मी घरतशेठना डोळ्यांनी खुणावलं, नको, नको. शेठ शांत. बशीतून चहा भुरकतायत. मी त्यांच्या कानाशी गेलो, "शेठ, आज राहू दे. पुन्हा कधीतरी."

"आसं कसं? मानसं बसलीत."

"अहो, पण माणसांसमोर ती..."

"बसा वो तुमी गप."

मग मी मुकाट्यानं बाहेर जाऊन मेन स्विच पाडला. आमच्याकडे दर रविवारी दुपारी लाइट जायची, त्याच दिवशी गेली नव्हती. म्हटलं, आपणच घालवू. पण सावंतकाका निवृत्त लाइनमन! उठले, बाहेर गेले, खट्! पंखा सुरू. वर मला म्हणाले, "लेले, स्विच आपोआप पडला वाटतं. काळजी करू नका, मी आहे."

आत आलो तर शेठ भिंतीकडे बघतायत. "मास्तरांचा फोटू कुठं गेला?"

"तो... पुसायला काढलाय."

"मंग पुसला का?" असं म्हणून त्यांनी शोधला, पलंगाखालून ओढून काढला, रुमालानं नीट पुसला आणि परत टीव्हीच्या वर टांगला. वडील माझ्याकडे बघायला लागले.

शेठनी कॅसेट काढली. वर्तमानपत्रातली! हळूहळू उलगडली, आत सरकवली. आणि आईला म्हणाले, "काकी, बटन तुमीच दाबा. तुमच्या हातानं होऊ दे."

आईनं हात पदराला पुसला, बोट पुढे केलं, आणि माझा बांध फुटला.

"आई, नको! दाबू नकोस! तसली आहे ती! तसली!"

आईनं मागे वळून बघितलं.

"तसली म्हणजे?" आईनं विचारलं. तिचं बोट बटणावरच होतं.

सावंतकाकूंना आधी कळलं. त्यांनी पदर तोंडाला लावला. सुनांनी माना खाली घातल्या. समोरच्या आजोबांना ऐकू कमी यायचं, ते म्हणाले, "कसली? कसली?" आणि एक गोष्ट लक्षात ठेवा. सगळ्यांना कळलं, सगळ्यांनी "शी शी" केलं, पण उठून एकही माणूस गेला नाही!

"तू आणलीस?" आईचा आवाज अगदी बारीक झाला होता. "ह्या घरात? ह्या फोटोखाली?"

आणि इथे माझ्या तोंडून ते वाक्य गेलं. माणूस बुडायला लागला की हाताला येईल ते पकडतो, आणि माझ्या हाताला बायको आली.

"मी कुठे माझ्यासाठी आणली? हिला हवी होती!"

सगळ्यांच्या माना वळल्या. दारात वैजू उभी होती, हातात चहाचा ट्रे. त्या क्षणी तिचं तोंड बघायला हवं होतंत. नको, बघायला नको होतं. मी बघितलं, ते मला पुरलंय. परक्या गावात आलेली पोर, सासू समोर, आळी समोर, आणि तिच्यावर असं किटाळ आणणारा कोण, तर नवरा! ट्रेमधले कप किणकिण वाजायला लागले. सावंतकाकूंच्या थोरल्या सुनेनं उठून तिच्या हातातला ट्रे घेतला.

या गडबडीत आईचं बोट बटणावर दाबलं गेलं होतं.

पडद्यावर मुंग्या आल्या, पट्टे आले, आणि मग शंख वाजला. खणखणीत! मागोमाग टाळ. आणि पडद्यावर पाळणा! फुलांनी सजवलेला. पाळण्यात गुटगुटीत बाळकृष्ण, पायाचा अंगठा तोंडात, आणि भोवती नऊवारीतल्या बायका जो जो रे करतायत!

सगळ्यांनी पडद्याकडे बघितलं. मग सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं.

"हीच का तुमची तसली?" सावंतकाकांनी विचारलं.

घरतशेठ उठले. "काकी, मी सांगतो. छोटे मास्तर दुकानात आले, तसली तसली करत व्हते. माज्या डोल्यापुढं मास्तरांची छडी आली. मास्तरांनी मना बाराखडी शिकवली. तेंच्या घरात मी तसली देनार? म्हनून क्रिष्नाची आनली. म्हटलं, पोराचं डोकं फिरलंय, देव बघून जागेवर येल."

आणि तेव्हा वैजू बोलली. आईमार्फत नाही, भिंतीशी नाही. सगळ्यांच्या देखत, माझ्या डोळ्यांत बघून.

"मी गर्भसंस्काराची म्हणत होते."

कुणाला काही कळेना.

"श्लोकांची असते ती. टेपवर लावायची, ऐकायची. शैलाकडे आहे ना, तसली."

आई मटकन् खाली बसली. "वैजू? म्हणजे तू...?"

"तीन महिने कुणाला सांगू नये म्हणतात ना, आई. म्हणून आधी फक्त ह्यांना..." तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी.

आता तुम्हाला कळलं. खोलीत सगळ्यांना कळलं. बहिऱ्या आजोबांनाही कळलं. आणि मी? मी काय म्हणालो असेन? मी म्हणालो,

"पण गर्भसंस्काराची कशाला? आपल्याकडे कुठे कोणाला..."

"अहो लेले, तुमच्याकडेच!" सावंतकाकू किंचाळल्या.

शैला तेव्हा सहा-सात महिन्यांची गरोदर होती. ते सगळ्या पनवेलला दिसत होतं, मला सोडून.

मग जो गलका झाला! बायकांनी वैजूला मधे घेतलं, कुणी तिचे डोळे पुसतंय, कुणी पाठीवरून हात फिरवतंय. पडद्यावर पाळणा चाललाच होता. आई उठली, माझ्यासमोर आली, "गाढवा!" एवढंच म्हणाली आणि आत जाऊन मीठ-मोहऱ्या घेऊन आली. वैजूची दृष्ट काढता काढता वडिलांच्या फोटोकडे बघून म्हणाली, "बघितलंत का हो? नातवंड येतंय. आणि हा असा आहे."

"काकी, तेची बी काढा," घरतशेठ म्हणाले. "तेला तं नक्की कायतरी लागलंय."

सगळा पिक्चर बघून मंडळी गेली. संध्याकाळी आई देवळात पेढे ठेवायला गेली आणि मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर जाऊन बसलो. वैजू तांदूळ निवडत होती.

"वैजू," मी म्हटलं. मधे आई नाही, काही नाही. "चुकलो."

तिनं ताट पुढ्यात ओढलं.

"भर लोकांत तुझ्यावर ढकललं. तसं करायला नको होतं."

"हो," ती म्हणाली. "नको होतं."

तांदळातले खडे बाजूला पडत होते. मग तिचे खांदे हलायला लागले. मला वाटलं, परत रडतेय. जवळ सरकून बघतो तर हसत होती! पदर तोंडात कोंबून, उचकी लागेपर्यंत!

"तुम्हाला खरंच वाटलं, मला तसली हवीय?"

"हो."

"आणि तरी आणायला गेलात?"

"तू पहिल्यांदाच काहीतरी मागितलं होतंस."

तिचं हसू थांबलं. ती माझ्याकडे बघत राहिली. मग ताटातले निवडलेले तांदूळ एका बाजूला सारून म्हणाली, "इकडे या, अर्धे तुम्ही निवडा."

त्या दिवसापासून आमचं टपालखातं बंद झालं. आमटी थेट मिळायला लागली, आणि सुनावायचं असलं की तेही थेट.

नंतर मी पुष्कळ विचार केला. घरतशेठच्या पडद्यामागे आमची अख्खी पिढी शिकायला जात होती. घरात बोलायची सोय नाही, म्हणून बाजारात विकत घ्यायचं. आणि बाजारही हुशार! तुम्ही जे बोलत नाही, तेच तो वर्तमानपत्रात गुंडाळून तुम्हाला विकतो. पण नवरा-बायकोनं एकमेकांशी बोलावं कसं, त्याची कॅसेट त्या पडद्यामागेही नव्हती. ती आम्हाला तांदूळ निवडताना फुकट मिळाली.

मुलगी झाली. बारशाला घरतशेठ आले, वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन. भरल्या मांडवात ओरडले, "छोटे मास्तर, ही घ्या! ह्या टायमाला बरोब्बर तसलीच आनलीय!" उघडून बघतो तर गर्भसंस्काराची. जरा उशीर झाला होता, पण भावना पोचली.

किस्सा इथे संपायला हरकत नव्हती. पण आमच्या आळीत दोन लेले! दुसरे वकील, सज्जन गृहस्थ. त्या रविवारपासून आळीनं आमची वाटणी करून टाकली. ते साधे लेले. आणि आम्ही तसले लेले! पोस्टमन, दूधवाला, सगळ्यांना तोच पत्ता. "कुठले लेले? तसले? मग डावीकडे वळा." पोरगी मोठी झाली, कॉलेजला गेली, नोकरीला लागली, तरी सावंतकाकू जिवंत आणि पत्ता कायम!

शेवटी पोरीला बघायला मंडळी आली. खानदानी माणसं. मुलाचे वडील रुबाबदार, मोजकं बोलणारे. बसले, पाणी प्यायले आणि फार सौम्यपणे म्हणाले, "लेलेसाहेब, रागावू नका. बाहेर एका वृद्ध बाईंनी तुमचं घर दाखवलं. त्या म्हणाल्या, तसले लेले. तसले म्हणजे?"

मी हातातली पोह्यांची बशी खाली ठेवली. झालं! तेव्हा बायकोवर ढकललं, आता पोरीचं लग्न मोडलं!

आणि वैजू? एके काळी नवऱ्याला आमटी विचारायला मध्यस्थ लागणारी ती वैजू पदर खोचून खुर्ची ओढून बसली आणि म्हणाली, "मी सांगते." सगळं सांगितलं हो! टॉवेलापासून पाळण्यापर्यंत. मेन स्विचसुद्धा सोडला नाही. मुलाची आई हसून हसून डोळे पुसायला लागली. मुलगा आणि आमची पोरगी एकमेकांकडे बघून असे हसले की मला तिथेच कळलं, जमलं.

मुलाचे वडील मात्र गंभीर. शेवटपर्यंत गंभीर. निघताना दारात थांबले, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले,

"लेले, मुलगी पसंत आहे. देणंघेणं काही नाही. एकच अट. पुढे देवाच्या दयेनं तशी वेळ आली, तर कॅसेट आमची आम्ही आणू. तुम्ही तसदी घेऊ नका!"